बर्फाच्या गाडीला भोकं किती?

बारा जानेवारी, सोमवार. हमरियात सकाळी एकोणीस अंश, आभाळ स्वच्छ, वारा बेताचा... हो, तारीख आणि हवा आधी सांगतो, माझ्या वहीत तसंच लिहिलंय आणि या सगळ्या भानगडीत खरं बोलणारी ती वहीच एक आहे! तर अशा छान हवेत, मी चहाचा पहिला घोट घेतोय न घेतोय, तोच अर्बाबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, माझ्या टेबलावर काय आपटावं? शेहेचाळीस पानांचं पुस्तक! कशाचं? बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या सुट्या सामानाचं! अहो, ओमानमध्ये! जिथे आमच्या नळाला उन्हाळ्यात थंड पाणी येत नाही तिथे!

तुम्हाला सांगतो, आमचे अर्बाब जाफर म्हणजे लाख माणूस. पण गेल्या वर्षी जॉर्जियाला डोंगरात फिरायला गेले आणि तिथेच एक गाडी घेऊन ठेवली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मध्ये सीट. बर्फाच्या डोंगरावर सरळ चढते म्हणे. चढते तर चढू द्या ना! पण नाही. कंपनीने दिलेल्या गाडीवर समाधान मानेल तो अर्बाब कसला? तिला वरून नवं सामान चढवायचं. आणि ते निवडायचं कुणी? "क्रिष्णा, तुम देखो. इब्रा का मज़रा का पंप तुम चूज़ किया, सात साल खराब नहीं हुआ. ये भी तुम चूज़ करो. यल्ला!"

आता शेतावरच्या पंपाचा आणि याचा काय संबंध? पंपाला पाणी लागतं, पाणी मी बघितलंय. बर्फ मी बघितलाय कुठे? फ्रीजमध्ये!

मी नाहीच म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अर्बाब म्हणाले, "लिस्ट अच्छा हुआ, तो टिकट मेरा. तुम और मदाम, दोनों जॉर्जिया." तोंड मिटलं.

का मिटलं? तर आमची मदाम म्हणजे वासंती. लग्न ठरलं तेव्हा मी शब्द दिला होता, हनिमूनला मनाली, बर्फात फोटो. मनालीचं आरक्षण झालं आणि इकडची नोकरी आली. त्याला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत त्या बाईने एकदा म्हणून तक्रार केलेली नाही. नुसतं दर डिसेंबरात बातम्यांमध्ये काश्मीर दाखवलं की आवाज वाढवते. बास. एवढंच. आवाज वाढवते! तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं?

मग बसलो पुस्तक घेऊन. काय नसावं त्यात? पट्टे नऊ प्रकारचे. पाय ठेवायच्या फळ्या, भोकांच्या आणि बिनभोकांच्या. अहो, पाय ठेवायचा त्याला भोकं कशाला? पोटाखाली लावायचा पत्रा. हँडलला गरम मुठी, विजेवरच्या. अर्बाबांची अट, चारच वस्तू निवडायच्या, बुधवारपर्यंत. अंतराला विचारलं. मुलगी दहावीत आहे, इंटरनेट तोंडपाठ. ती म्हणाली, "बाबा, इट डिपेंड्स ना... तुमचा... तो रायडिंग स्टाईल काय आहे?" माझी रायडिंग स्टाईल! मी रूवीपर्यंत टॅक्सीने जातो!

तेवढ्यात ऑफिसातला दिलशाद म्हणाला, "बर्फ की गाड़ी का पूछना है? अरे, बरका में इक्बालभाई हैं ना, रत्नागिरीवाले. बीस साल वही किया है उन्होंने." वीस साल! मला वाटलं, हा गृहस्थ आधी रशियाला असणार. आखातातली माणसं कुठे कुठे जाऊन आलेली असतात! लगेच फोन लावला. वही उघडली, पेन घेतलं. दुपारी बारा चाळीस.

म्हटलं, "इक्बालभाई, बर्फाच्या गाडीबद्दल विचारायचं होतं."

"इचारा ना भाऊ! किती टनाची हाय?"

"टन? दोनशे वीस किलो."

"या अल्ला! गाडी हाय का पाटी? भरनार काय तीत?"

"भरायचं काही नाही. बसायचं."

"बर्फात? कोन?"

"अर्बाब."

तर तो म्हणाला, "अर्बाब लोकांचा काय सांगावा, भाऊ!" आणि दोघं हसलो. मी वहीत लिहिलं, 'स्वभाव विनोदी.'

"रस्ता कसला?"

"डोंगराचा. नुसता चढ."

"मंग पट्टा लांबातला लांब घ्या. चढावर बर्फ समदा मागं येतो, आखूड पट्टा काय कामाचा नाय." लिहिलं. "आनि खाली भोकां ठेवा. मोठी मोठी. बर्फ साचला, पानी झाला, की वजन वाढला, गाडी बसली!" लिहिलं. बघा, भोकांचं कोडं सुटलं! "खालून दगडाचा मार बसतो, जाडा पत्रा मारा." लिहिलं. असा माणूस! मी पुस्तकातली एकेक वस्तू विचारतोय आणि तो न बघता सांगतोय!

शेवटी म्हटलं, "आणि इक्बालभाई, गरम मुठी? विजेवरचा हीटर असतो."

"हीटर?" अहो, फोन कानापासून लांब धरला मी! "बर्फाच्या गाडीत हीटर? कोनी सांगितला तुमाला? पागल हाय काय? काढा तो पयला!"

काढला. काय करणार? बर्फ मी बघितलाय कुठे? सरबतात! त्याच्या जागी सीटमागे अडकवायची पिशवी टाकली, लांब पट्टा, भोकांच्या फळ्या, पत्रा, पिशवी, झाल्या चार, आणि मंगळवारी यादी पाठवून दिली जॉर्जियाच्या दुकानदाराला. घरी येऊन सांगितलं. वासंतीने माळ्यावरची सुटकेस खाली काढून पुसली.

बुधवारी दुपारी इक्बालचा फोन. "भाऊ, गाडी कुटं हाय? बघायला येतो. आनि मासली कुठली ठेवनार, सुरमई का पापलेट?"

"मासळी?" म्हटलं, "कसली मासळी?"

"मंग बर्फ कशासाठी?"

...तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला आमच्या भाषेचा इतका राग आला! एवढी मोठी भाषा, आणि आभाळातून पडतो तोही बर्फ, फॅक्टरीतून लादी येते तोही बर्फ! इक्बाल वीस वर्षं बरक्याच्या मासळीबाजारात बर्फाचा टेम्पो चालवतोय! त्याने मला टेम्पोचं सामान सांगितलं आणि मी ते डोंगरावर पाठवलं! दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, खलास, सामान बसवलं. तेव्हा मला एकच दिसत होतं, ती पुसलेली सुटकेस.

गुरुवारी सकाळी अर्बाबांनी बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून गेलो, दोन परिच्छेद झाले होते. तर अर्बाब उठले आणि मला मिठी मारली! "क्रिष्णा! वो जॉर्जिया वाला बोला, ये लिस्ट पहाड़ का आदमी बनाया! लंबा पट्टा, सही. होल वाला फुटबोर्ड, सही, बर्फ नीचे गिर जाता. पत्रा, सही. और हीटर नहीं लिया! बोला, असली आदमी हीटर नहीं लेता!"

आता गप्प बसायचं की नाही? कोणीही बसला असता! पण अर्बाबांनी विचारलं, "तुमको किसने सिखाया?" आणि माझा हात सवयीने वहीवर गेला. बारा चाळीसची नोंद होती. आणि मी ती वाचली, साहेब! मोठ्याने! हिंदीत भाषांतर करून! नाव, गाव, मोबाइल नंबर! कोणी विचारला होता नंबर?

अर्बाब म्हणाले, "माशाल्ला. इस आदमी को बर्फ का दिमाग है. इसको ले के जाएगा. वो और उसका मदाम. तुमको अगला साल, इन्शाल्ला."

या इन्शाल्लाची मुदत किती, ते पंचवीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला विचारू नका.

बावीस जानेवारी, गुरुवार. इक्बालभाई आणि खुदेजाभाभी सकाळी नऊ पंचावन्नच्या विमानाने तिबिलिसीला गेले. विमानतळावर मी सोडलं. सुटकेस आमची होती.

चोवीस जानेवारी, शनिवार. व्हिडिओ कॉल इकडे लागत नाही, म्हणून इक्बालभाईंनी रेकॉर्ड करून पाठवला. लांबी एक मिनिट बावीस सेकंद. डोंगर पांढरा, झाडं पांढरी, भाभी पांढऱ्या, आणि मागून इक्बालभाईंचा आवाज, "भाऊ, एवढा बर्फ उघड्यावर पडलाय, कोन झाकून पन ठेवत नाय!"

वासंतीने तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा आवाज वाढवून.