एकाच रुपायाचे पाच रुपाये

आता मला सांगा, एका रुपायाचे पाच रुपाये झाल्याले कुनी ऐकलंय का? तेबी एका सकाळीत! जादू न्हाई, मंतर न्हाई, रुपाया उंबऱ्यापासनं लांब गेला न्हाई... आन झाले!

थांबा, मुळापासनं सांगते. शेवगावाच्या अलीकडं एक गाव, गावात एक घर, घरात ऱ्हायची झुंबरबाई, म्हंजे मी. माजी सून सत्यशीला, आन कॉलेजात जानारी नात पंकजा. आन लांब तिकडं, अकोले तालुक्याच्या डोंगरात, भाताच्या खाचराच्या कडंला माजी थोरली बहीन आक्काबाई. माहेरचं म्हनावं असं आता तेवढं एकच मानूस उरलंय मला. आईनं जाताना दोघींच्या हातावर एकेक रुपाया ठिवला हुता. राजाच्या तोंडाचा, चांदीचा. एक तिला, एक मला. सारके! तिळाचा फरक न्हाई!

तर मागल्या म्हयन्यात पंकजा म्हनली, "आजी, तुज्या रुपायाचा फोटू काढून घरच्या ग्रुपवर टाकते." म्हनलं, काढ की, रुपाया काय लाजतोय व्हय! आता घरात भिंत पिवळी, बल्ब पिवळा, आन मी वाकून बघायले तर माजं लुगडंबी हळदीच्या रंगाचं. काढला. टाकला. मी चा प्यायला बसते न बसते तर मोबाईल वाजला... आक्का!

"ए झुंबरे! सोन्याचा दिला व्हय गं आईनं तुला? आन मपल्या हातावर चांदी टेकवली? इतकी वर्सं गप ऱ्हायलीस? आता बोलायचं न्हाई माज्याशी! मेले तरी येऊ नको!"

आन ठिवला की फोन! सोन्याचा? म्या फोटू बघितला... अगं आई आई आई! पिवळाधम्मक! नव्या नवरीच्या गळ्यात घालावा असा! हातात बघते तर पांढरा, मोबाईलात बघते तर सोनं. परत हातात... पांढरा. परत मोबाईलात... सोनं! आवो, रुपाया एकच हो, एकच!

पंकजा म्हनली, "आजी, चांदी म्हंजे आरसाच. शेजारी जे असंल त्याचा रंग घेती. थांब, दुसरा काढून धाडते, आत्ता पटंल आक्काआजीला."

पटंल? आक्काला? बरं, धाड म्हनलं. माजाच जीव वरखाली, ती रुसली की जेवत न्हाई, लहानपनापासनं.

काळ्या घोंगडीवर ठिवला. त्या मोबाईलला काय वाटलं देव जाने, अंधारच पडला म्हनून त्यानं एवढा उजेड वढून घेतला की राजाचं तोंडच गेलं! दाढी न्हाई, नाक न्हाई, नुसती पांढरी टिकली! तोच फोटू गेला घाईत. लगीच आक्काचा परत फोन, "हा कंचा गं दुसरा? कोरा? राजा बसायच्या आधीच उचलला व्हय टाकसाळीतनं?"

टाकसाळीतनं म्हनं! रुपाया एकच हो, एकच!

मंग पांढऱ्या टावेलावर ठिवला. तर आता मोबाईल उजेडाला भ्याला. डोळं असं बारीक केलं त्यानं, आन रुपाया तव्याच्या बुडावानी काळाकुट्ट! आक्का म्हनती, "तिसरा लोखंडाचा!" मंग भायेर निळ्या ताडपत्रीखाली नेला... निळा! म्या तोंडावर पदरच धरला. चांदीला कधी असं निळं पडल्यालं बघितलंय का तुमी? सत्यशीला म्हनली, "आत्याबाई, इकडं आना, हितं ऊन चांगलं हाय." चांगलं हाय, पर शेजारी मिरच्या वाळत घातल्याल्या! ढीगभर, लालभडक! रुपाया तांब्याचा झाला!

आन आक्का रडायली हो त्या मोबाईलात... "मला एक, आन हिला पाच! सोन्याचा, कोरा, लोखंडाचा, निळा, तांब्याचा... आई, काय केलंस गं मपल्यासंगं!"

"आक्का, रुपाया एकच गं, एकच!"

"मंग फोटू खोटं बोलतो व्हय?"

म्हंजे आता रुपाया खोटा, फोटू खरा? तुमीच सांगा!

दुसऱ्या दिवशी ती दारातच! यष्टीतनं उतरली, पदराच्या गाठीत आपला रुपाया, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. भांडायला येतानाबी रिकाम्या हातानं यायची न्हाई, आईची शिकवन. पानी घेतलं न्हाई, बसली न्हाई. "पाची काढ."

म्या एक काढून ठिवला.

"बाकीचे?"

बाकीचे! मंग तिनं पिठाचा डबा बघितला, देव्हारा बघितला, माजी उशी उसवायला घेतली! या वयात बहिनीच्या हातनं उशी उसवून घ्यायची पाळी आली, बघा. मला तर रडावं का हसावं तेच कळंना.

तवा पंकजा मधी पडली. "आक्काआजी, तुमचाबी द्या." दोन्ही शेजारीशेजारी ठिवले, त्याच पिवळ्या भिंतीच्या खोलीत. काढला फोटू. दोन्ही सोन्याचे! आक्काचा आ उघडा तो उघडाच. मंग घोंगडीवर... दोन्ही कोरे. टावेलावर... दोन्ही काळे. ताडपत्रीखाली, मिरच्यांपाशी, जिथं जाईल तिथं जोडीनं. आक्कानं हातातली उशी खाली ठिवली. म्हनलं चला, समजलं एकदाचं. माज्या डोळ्याला पानी आलं.

आता पोर म्हनली, खरा रंग काढूनच सोडते. ओट्याच्या सावलीत, शिमिटाच्या करड्या कोब्यावर दोन्ही ठिवले. उन्हाच्या बाजूला पांढरं धोतर आडवं बांधलं. "आजी, माघं सर! तुजं लुगडं येतंय त्यात! आई, तूबी हो बाजूला!" समद्या हाकलल्या. मंग मोबाईलातल्या रुपायावर बोट दाबून धरलं, आन बोट हळूहळू खाली, हळूहळू खाली, त्यासरशी उजेड कमी कमी... आन राजाच्या दाढीचा एकेक केस दिसाया लागला! "आलं! आजी, आलं!"

म्या बघितलं. हातात तसाच फोटूत. तोच मळका पांढरा, काठाला तीच झीज. जनू आईच्याच तळव्यावर ठिवल्याले दोन्ही रुपाये.

आक्कानं मोबाईल डोळ्याशी धरला. लांब धरला. परत जवळ धरला. आन म्हनली, "हे नगं. लई साधा दिसतोय. मपल्या रुपायाचे ते पाच धाड."

बोला आता!

गेली पाच फोटू घेऊन. पिवळा तर मोबाईलच्या तोंडावरच लावलाय म्हनं. अकोल्यापतुर यष्टीत समद्यांना सांगत गेली, आमच्या आईनं दोघी लेकींना पाचपाच दिले, एकीला कमी न्हाई, एकीला जास्त न्हाई. आन जिनं 'मेले तरी येऊ नको' म्हनलं हुतं, तिचा आता रोज सकाळी फोन. "झुंबरे, मपला सोन्याचा आज लई चमकतोय बघ. तुपला कसा हाय?"

मी मूठ उघडून त्या पांढऱ्या रुपायाकडं बघते... आन म्हनते, "तुज्याइतकाच पिवळा गं आक्का, तुज्याइतकाच."