एकेचाळीस बांगड्यांचा अर्ज

जमुना : मोजा ना काका, पुऱ्या एकेचाळीस बांगड्या हायेत! एकीलेही सही येत नाही, पण हरएकीनं कागदावर बांगडी ठेवून गोल काढला. खाली नावं मी लिवली. मास्तर माह्या अक्षराले मोत्याचं म्हणते!

देवीदास : अक्षर झकास हाये, पोरी. पण अर्ज परत आला.

गोदाबाई : तिसऱ्या खेपेले. अकोटाहून अकोल्याले येता येता पाय भरून आले, देवीदासजी. कचेरीत येनारे सारे तुमच्याच हातून अर्ज लिवून घेते. आमच्यातच काय खोट निंगते?

देवीदास : तुमी नवा कायदा मागता. कामाच्या नावानं पोरी परमुलखात नेऊन विकणाऱ्या दलालाले सजा व्हावी, असा. साहेब म्हणते, एकेचाळीसही बायांनी एकच सांगितलं, ‘पोर पळवून नेली.’ पळवण्याले कायदा हायेच. नवा कशाले?

जमुना : सायबाले डोये नाहीत काय? दलाल भर बजारात फिरून राहिले!

देवीदास : दलालाजवळ कागद राहते ना. ‘सरकी काढाच्या कामाले, मायच्या खुशीनं.’ त्याच्यावरही मायच्या बांगडीचा गोल. तो दाखवला की सुटला. कायदा तिथंच लंगडा हाये. पण एकही माय म्हणत नाही, मी देल्ली म्हणून.

गोदाबाई : कोन म्हणन? गावात राहाचं हाय.

देवीदास : एक जरी बोलली, तरी मजकूर बदलते. नाही तर माही लेखणी झिजते अन् तुमचे पाय.

जमुना : म्हंजे बाकीच्या खोटं बोलल्या! माही बहीण कौशल्या तर खरीच पळवली. बजारातून. नाही का वं, माय?

गोदाबाई : जरासं पाणी दे मले.

जमुना : पयले सांग.

गोदाबाई : लिवा, देवीदासजी. म्या देल्ली. कापसाची तेजी होती, माणसं मागत दलाल घरोघर फिरत होते. म्हणे मुंबईले कारखान्यात चार महिने, पोटभर खाईन, दिवाळीले घरी. म्या त्याच्या कागदावर बांगडीचा गोल काढून देल्ला. तीन दिवाळ्या झाल्या.

देवीदास : वय?

गोदाबाई : अकरा.

देवीदास : तिले सांगितलं होतं?

गोदाबाई : रडन म्हणून नाही सांगितलं. मामाच्या गावाले चाललं म्हटलं. तिनं इचारलं, वाटेत खायले किती भाकरी बांधू. म्या म्हटलं, दोन पुरे.

(देवीदास लेखणी खाली ठेवतो.)

देवीदास : एवढं बारीक अर्जात घालत नाहीत, गोदाबाई.

जमुना : लिवा, काका. दोन भाकरी.