वाघ्याच्या डोळ्यांतला भंडारा

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पौषात, पारनेर तालुक्यातल्या एका लहान गावात हौसाबाईंच्या ओट्यावर मी दोन दुपारी बसलो. त्या बोलत गेल्या तसं जमेल तेवढं उतरवून घेतलं. काही शब्द माझ्या हातून निसटले असतील, पण जे उतरलं ते त्यांचंच आहे.

माझं माहेर बेलापूरकडचं, नदीच्या पान्यावरचं. पानी म्हनून कांदा. आमचा बा निस्ता कांद्याचा मानूस, अंगाला वास, कपड्याला वास, घरात पाहुना आला की आधी शिंकायचा. मी सात-आठ वर्षांची असंन, आमचा एक बैल दावं तोडून सडक्या कांद्याच्या ढिगात शिरला अन् दिवसभर खात बसला. तिसऱ्या दिवशी तांबडं मुतला. रगतावानी. आई रडाया लागली, कुनी करनी केली म्हनली. बा म्हनला करनी न्हाई न् काय न्हाई, कांद्यानं त्याचं रगत नासलंय. त्यानं बैलाची खालची पापनी वढून मला दावली, म्हनला बघ हौसे, रगत हाय का न्हाई ते हितं कळतं, हितं लाल पायजे, पांढरं न्हाई, अन् पिवळं तर न्हाईच न्हाई. कांदा बंद केला, चारा-पानी नीट ठेवलं, बैल वाचला. आता हे मी तुला आधी का सांगते? तर मला हे ठावं हुतं बाळा. सगळं ठावं हुतं अन् तरी मी चार कुत्री डोळ्यादेखत मरू दिली.

लगीन होऊन मी हिकडं आले. हिकडं समदं कोरडं, माळ आन् कुसळं. पन सासरच्या घराला मान मोठा. टेकाडावर खंडोबा दिसतो न्हवं, त्या देवाचा कुत्रा आमच्या दारी. पिढ्या झाल्या. नाव एकच, वाघ्या. एक गेला की दुसरा, तोबी वाघ्याच. त्याला मारायचं न्हाई, साखळी बांधायची न्हाई, घरातली पयली भाकर त्याची. आन् चंपाषष्ठीला गावातल्या चाळीस घरांचा निवद त्याच्या तोंडात पडला की मगच गावानं जेवायचं.

आता निवद कशाचा? तुमी शिकलेली पोरं इसरता म्हनून सांगते. चार महिने देवाच्या घरांत कांदा-लसूण-वांगं बंद असतं, ते चंपाषष्ठीला सुटतं. म्हनून निवदाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा. आन् चार महिन्यांची भूक म्हनून भरितात कांदा किती, तर वांगं हुडकायला लागावं इतका. पात बी चिरून, गड्डा बी चिरून, वरनं लसूण, वरनं तेलाची धार. चाळीस घरांची चाळीस ताटं आमच्या आंगनात यायची. मानकऱ्याच्या घरच्या बाईनं ते समदं एका काठवटीत कालवायचं, गोळं करायचं, आन् कुत्र्याला घालायचं. एका दिवशी संपंन कसं, तीन-तीन दिवस चालायचं. बाकीच्या घरची कुत्री उरलंसुरलं चाटून मोकळी. आमचा वाघ्या मातर देवाचा, त्याला पोटभर.

मी नवी नवरी. पयल्या साली माझ्याच हातानं कालवलं. पाचव्या दिवशी वाघ्या उठंना. धापा टाकतोय, अंगावर हात ठिवला तर काळीज असं उडतंय जसं आत कोंबडी कोंडलीय. मी सासूबाईंना सांगाया गेले तर त्या हसल्या. म्हनल्या, चढला वाटतं भंडारा. मला कळंना. त्यांनी मला जवळ नेलं न् त्याचे डोळे दावले. पिवळे. हळदीवानी पिवळे बाळा. हिरड्या पिवळ्या, कानाची आतली कातडी पिवळी. आन् ज्या जागंवर तो मुतला हुता तिथं माती लालभडक. सासूबाई म्हनल्या, डोळ्यांत भंडारा न् मातीत कुंकू, देवानं बोलावलं त्याला. कुनाला सांगावं लागलं न्हाई, गाव आपसूक गोळा झालं. बायका पाया पडल्या. आन् तो वाघ्या, काय सांगू तुला, देवळाकडं तोंड करून बसून हुता. कुनाकडं बघंना. मीबी पाया पडले. सांजच्याला गेला.

आमच्यात म्हनत्यात, मानाचं कुत्रं दुसरी चंपाषष्ठी बघत न्हाई. आन् पौषात कुठनं तरी नवं पिल्लू आपोआप दारात येतं, कुनी आनत न्हाई. खरंच येतं. चार डाव मी बघितलं. सकाळी कडी काढावी न् उंबऱ्याशी पिल्लू, बसलेलं, जसं कवापास्नं वाट बघतंय.

तुला वाटंल हिला बाचा बैल कसा आठवला न्हाई. न्हाई आठवला. बैल जनावर हुता, ह्यो देव हुता. मानसाचं डोकं असंच हाय, दोन कप्प्यांत दोन गोष्टी ठिवतं न् मधी भिंत.

चौथ्या डावाला पिल्लू आलं ते काळं, एक कान मोडका. माझी तवा दोन लेकरं पोटातच गेली हुती. तिसरं राह्यलं असतं तर नाव दगडू ठिवनार हुते, म्हंजे कुनाची नजर पडत न्हाई, देव बी म्हनतो दगडच हाय, र्‍हाऊ दे. ते राह्यलंच न्हाई. मग मी ह्या पिल्लाला दगडू म्हनाया लागले, गुपचूप, कानात. समद्यांम्होरं वाघ्या. पन ते बेटं वाघ्या म्हनलं की हलायचं न्हाई. सासरे, आबा म्हनायचो आमी त्यांना, ते हाक मारून दमायचे. म्हनायचे, हे कुत्रं बहिरं हाय का गं? मी म्हनायची, व्हय आबा, एका कानानं.

आन् त्याच साली दुष्काळ पडला. तो मोठा. हिरी आटल्या, आमी समदी खडी फोडाया जायचो. रेशनला तांबडी मिलो आली, परदेसी जुंधळा, तिची भाकर गिळत नसायची. कामावर सुकडी मिळायची, गोडसर, तेलकट. मी माझ्यातली अर्धी पदरात बांधून दगडूला आनायची. त्याला लई आवडली. पन पंधरा दिसांत त्याला हगवन लागली, अंग खाजवून खाजवून पाठीचे केस गेले, कान घान मारायला लागले. आबा म्हनले, भंडारा लवकरच चढायला लागला. मी म्हनलं बघू तरी. सुकडी बंद केली. एक दिवस निस्तं पानी, मग जुंधळ्याची कनी लई पातळ शिजवून, मीठ न्हाई तेल न्हाई, वर थोडं ताक. कुनाकडं बकरं कापलं तर खुरं मागून आनायची, उकळून ते पानी कनीत. म्हैनाभरात केस आले. तवा बाळा, पयल्यांदा माझ्या डोक्यातली भिंत हलली. म्हनलं कुत्र्याचं दुखनं ताटातनं येतं.

चंपाषष्ठी आली. निवदाला काय? वांगं न्हाई, कांद्याची पात न्हाई, गावात हिरवं म्हनून काय न्हाई. लोकांनी मिलोची भाकर न् गुळाचा खडा ठिवला. मी कालवलं, दगडूनं खाल्लं. पाच दिवस झाले, सात झाले. डोळे पांढरे. दहा झाले. तो आपला शेपूट हलवतोय. आन् मला बाचा बैल आठवला. खडी फोडता फोडता असा म्होरं आला, हातोडा हातातच राह्यला. कांदा! चार वाघ्ये मी कांद्यानं मारले. माझ्या ह्या हातांनी कालवून.

कुनाला सांगनार? मी आबांना सांगायचं ठरवलं. सकाळी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. ते ओट्यावर उन्हाला बसलेले. माझ्याकडं बघितलं त्यांनी, आन् मी कपबशी तशीच खाली ठिवली. डोळे पिवळे.

कावीळ हुती. त्या साली लई जनांना झाली, खड्ड्यातलं पानी प्यायचो आमी, दुसरं काय हुनार. डाक्टर बी तेच म्हनला. मला कळतं ते. पन सतरा दिवस मी त्यांना बघत हुते. भूक गेली, हातपाय पिवळे, लघवी तांबडी. शेवटाला म्हनले, सूनबाई, वाघ्याला आन. मी दगडूला आनला. आबांनी त्याची खालची पापनी वढून बघितली, अगदी माझ्या बासारखी, त्यांना कुनी शिकवलं असंल? म्हनले, ह्याचं माझ्याकडं आलं गं. मग तोंड फिरवून देवळाकडं बघत राह्यले. दुपारी गेले. जसा पयला वाघ्या बसला हुता, अगदी तसेच बसून.

गाव काय बोललं ते तू समजून घे. देवाला कुत्रं न्हाई मिळालं, मानूस नेला. माझ्या तोंडावर कुनी न्हाई म्हनलं. पन पौषात दारात पिल्लू आलं न्हाई. ती एक गोष्ट मला लई लागली.

मग पाऊस झाला, पिकं आली, कांदा आला. औंदाची चंपाषष्ठी जवळ आली तशी मी आमच्या मालकांना समदं सांगितलं. बैल, कांदा, पापनी, समदं. ते आता मानकरी. ऐकून घेतलं न् म्हनले, अन् आबा? आबांनी काय कांदा खाल्लावता? म्हनलं आबांना कावीळ. ते म्हनले, हौसे, कुत्रं र्‍हायलं तर आता घरात पिवळं व्हायला मानकरी मीच उरलोय. हसून म्हनले. पन उठून आरशाकडं गेले.

आता सांग बाळा मी काय करावं? एका बाजूला कुत्रं, एका बाजूला कुंकू. कुनी बी म्हनंल कुत्रं द्यावं. मी बी तेच म्हनलं. आदल्या दिवशीपत्तूर म्हनलं, जाऊ दे, घालू निवद. आन् सकाळी वांगी भाजाया बसले तर दगडू येऊन मांडीवर डोकं ठिवून झोपला. कान मोडका, तोंड उघडं.

मी दोन भरतं केली. एक कांद्याचं, एक निस्तं वांगं न् बाजरी, बिनमिठाचं. ते बिनकांद्याचं आतल्या घरात परातीत झाकून ठिवलं. चाळीस ताटं आली, समद्यांदेखत काठवटीत कालवली, आन् काठवट आत नेली वरनं तेल घालाया म्हनून. तेल घालायचा मान बाईचा, पुरुष आत येत न्हाई, सासूबाई भाईर बायकांत बसलेल्या. आत अदलाबदल केली. भाईर आनलं ते माझं. दगडूनं गपागप खाल्लं, येळकोट झाला, भंडारा उधळला, गाव जेवलं. चाळीस घरांचा कांदा मी तीन दिवस शेणखताच्या खड्ड्यात पुरत हुते. देवाचा निवद. शेणात.

पाचव्या दिवशी लोकं यायला लागली. काटवनाच्या कुंपनाबाहेर उभी र्‍हायची, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायची, जायची. सहाव्या दिवशी आनखी. बायका, म्हातारी, कडेवर पोरं घेऊन. देवळातला गुरव आला. त्यानं हाक मारली, वाघ्या. दगडूनं मान बी वळवली न्हाई. गुरव म्हनला, भंडारा चढला न्हाई अजून. मी म्हनलं चढंल. तो म्हनला, चढंल, कुनाला तरी चढंलच. आन् मालकांकडं बघून गेला.

त्याला आता सव्वा म्हैना झाला. हे रोज उठले की खिडकीतला आरसा घेत्यात न् उजेडाला जात्यात. मग मी जाते, पापनी वढून बघते. लाल. रोज लाल हाय, देवाची किरपा. परवा दुपारी मला जरा पिवळट वाटलं, दोन डाव बघितलं, मग कळलं सरमाडावरचं, कडब्याच्या गंजीवरचं ऊन पडलंवतं. त्यांनी तर कांदा सोडला कायमचा. म्हनत्यात, मला बी दगडूचंच वाढ. मग काय, बिनकांद्याचं भरीत न् कनी, दोघं शेजारी बसून एकच खात्यात. पानी मी उकळून देते, दोघांना. शेजारीन म्हनते तुझ्या घरी दोन कुत्री हायेत का दोन नवरे? हसते मी. हसायचंच.

देवळात मी रोज जाते. देवाला म्हनते, तुझा निवद मी पुरला, माझं चुकलं. पन तुला कुत्रं पायजे असंल तर आपनहून ने, माझ्या हातानं मारून घेऊ नको. असं स्पष्ट सांगितलंय. पिल्लू अजून आलं न्हाई. रोज सकाळी कडी काढताना हात थांबतो माझा. यावं असं वाटतं का न यावं असं, ते मला कळत न्हाई.

पुढल्या साली पुन्हा दोन भरतं करीन. त्याच्या पुढल्या बी. हात चालत्यात तवर.

आता तुझी यष्टीची येळ झाली. थांब, असा जाऊ नको. हिकडं उजेडात ये. खाली वाक थोडा, उंच हायेस लई. बघू. आता हा डोळा. लाल हाय. सवय लागलीय मला, दारातनं जाणारा कुनीबी असू दे, बघितल्याबिगर सोडवत न्हाई. तुझ्या आईला सांग, एका बाईनं डोळे बघून धाडलाय. जा, सुखरूप जा. आन् वाटंत दगडू बसला असंल, त्याला वाघ्या म्हनू नको. दगडू म्हन. हळू म्हन.