अर्धाच गाल करून आले

नाही हो, नवऱ्याच्या घोरण्याने नाही उडाली माझी झोप! त्याची इतकी सवय झालीय की आता ते थांबलं की मी दचकून जागी होते... झोप उडवली ती एका फोटोने. बालवाडीतून आला, फोनवर. मुलांना शेतावर रताळी खणायला नेलं होतं, तर सगळी पोरं मातीने माखलेली, हातात रताळी, आणि बत्तीशी काढून हसतायत, निम्म्यांना पुढचे दात नाहीत तरी हसतायत, आणि मधोमध आमची लेक, सोल! ओठांचा चंबू, गाल आत ओढलेले, डोळे वटारलेले... अगदी मासा! मला वाटलं, रताळं छोटं मिळालं म्हणून रुसली असेल. संध्याकाळी लाडाने विचारलं, "सोल, राणी, फोटोत हसली का नाहीस गं?" तर रंगवता रंगवता, मान वर न करता म्हणते कशी, "हसलं की गाल वर येतात ना."

पाच वर्षांची आहे हो ती! पाच!

आता ही कुठून शिकली, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. घरात आरसा एक, आणि त्याच्यापुढे तासन् तास उभी राहणारी बाई एक. माझे फोटो काढून बघा, लग्नातला बघा, सोलच्या थाटामाटातल्या पहिल्या वाढदिवसाचा बघा, सगळीकडे चंबू. कारण माझी ही गालांची हाडं! कपाटाच्या कोपऱ्यासारखी पुढे आलेली. हसले की ती वर चढतात आणि डोळे बिचारे आत बुडतात. आणि आमच्याकडे काय म्हणतात ठाऊक आहे? बाईची गालाची हाडं वर, म्हणजे ती नवऱ्याचं नशीब खाणार! सोल झाली तेव्हा सासूबाईंनी दुपट्यात डोकावून आधी बोटं तपासली, मग नाक हळूच चिमटीत धरून पाहिलं, मग हा एवढा मोठा सुस्कारा, "चेहरा आईचा घेतला गं पोरीने... असू दे. तब्येत तरी चांगली आहे."

असू दे! पोरीचा जगातला पहिला दिवस, आणि तिला काय मिळालं... 'असू दे'!

बरं, मी काही अडाणी नाही. सोलच्या आधी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. वर्गात प्लास्टिकचा सांगाडा होता, त्याच्या गालावर पट्टी टेकवून मीच पोरांना सांगायचे, हे बघा, हे कवटीला घट्ट जोडलेलं असतं, हे हलत नाही. तुम्हाला सांगते, हाड आहे ते, कणीक नाही! मळून मऊ होत नाही, लाटून पसरत नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि अंथरुणात छताकडे बघत पडणं वेगळं. तिथे माझी हुशारी काय म्हणाली, ऐका. म्हणाली, तू पोरीला कितीही सांग 'बाळा, तुझे गाल सुंदर आहेत', ती तुझ्यावर विश्वास ठेवणार आहे का? तुझा स्वतःचा चंबू बघते ना ती रोज! मग आधी तू हसायला पाहिजेस. आणि तू हसणार कधी? गाल खाली बसले की. म्हणजे काय... पोरीने हसावं म्हणून आईने हाडं बसवून घ्यायची! काय, पटलं ना? मला पटलं होतं. उजाडेपर्यंत तर फारच पटलं होतं.

त्यात आठवड्याच्या शेवटी सासूबाईंची सत्तरी. सत्तरी म्हणजे स्टुडिओत सगळ्या कुटुंबाचा फोटो, हानबोक, म्हणजे आमचा पारंपरिक कोरियन पोशाख घालून, समोर फळांच्या उतरंडी रचून. तो फोटो सासूबाईंच्या भिंतीवर टांगला जाणार आणि जन्मभर तिथून माझ्याकडे बघणार. आणि त्यात माझ्या शेजारी कोण? धाकटी जाऊ, सेबिन. तिचा चेहरा मुठीएवढा! इथे मुठीएवढा चेहरा म्हणजे सौंदर्याची कमाल. तिच्या शेजारी मी उभी राहिले की ती माझी मुलगी वाटते.

तर सकाळी खाली कचरा वेगळा करायला गेले, बाटल्या इकडे, कागद तिकडे, तिथे वरच्या मजल्यावरची मिरांग ताई भेटली. बघितल्याबरोबर, "अगं सोलची आई! हा काय चेहरा! वाफवलेल्या पावासारखा फुगलाय! चल माझ्याबरोबर." म्हटलं, ताई, मी घरी करते ना, ती गाल घासायची दगडी पट्टी आहे माझ्याकडे, फोनवर बघून घासते रोज. तर तिने असा हात झटकला, "पट्टीने कोथिंबीरही कापली जात नाही. माझ्या मालिशवाल्या बाईचे अंगठे बघ तू, अंगठे!"

आणि नेलं की मला! बाजारामागे, तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर तिसरा मजला, चेहऱ्याची हाडं बसवून देणारं मालिश-केंद्र. वर सुगंधी मेणबत्त्या, खालून तेलाचा वास, मध्ये मी आडवी. संचालिका बाई आल्या. बाई म्हणजे काय, मनगटं अशी! नुसता हात फिरवला गालावरून आणि डोळे मिटून म्हणाल्या, "उघडलीत."

म्हटलं, काय?

"हाडं. बाळंतपणात उघडतात. नंतर कुणी बंदच केली नाहीत तुमची."

म्हणजे मी काय खिडकी आहे? पाच वर्षं उघडी, पाऊस आत येतोय? मी म्हणणार होते, अहो बाई, जीवशास्त्र शिकवलंय मी, हाड आहे ते, कणीक नाही... पण तोवर मोजे चढवलेले त्यांचे दोन अंगठे माझ्या तोंडात! बाहेर पडलं ते "आड आए ए, अणीक आई!" त्या म्हणाल्या, "हो हो, राग बाहेर येऊ दे." आणि कोपराने... कोपराने हो! गालावर! माझ्या डोळ्यांतून पाणी, शेजारच्या खाटेवरून मिरांग ताईचा आवाज, "थोडं दुखणारच गं! सुंदर व्हायचंय ना?"

आता तिथली पद्धत अशी, की आधी एकच बाजू पूर्ण करतात. मग उठवून आरसा देतात. फरक दिसावा म्हणून. आणि तुम्हाला सांगते, फरक दिसला! डाव्या गालाचं हाड गायब! मला क्षणभर इतका आनंद झाला... आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. हाड कुठेही गेलं नव्हतं. गाल सुजला होता. सुजलेल्या मांसात हाड दिसणार कसं?

तेवढ्यात फोन. बालवाडीचा. "सोलची आई, जरा लगेच येता का?"

लगेच म्हटल्यावर आईचं काय होतं ते आयांनाच विचारा. मी खाटेवरून उडी मारली, बाई मागून ओरडतायत, "अहो, अर्धंच झालंय! असं नाही जायचं! वाकडं दिसेल!" मी जिन्यात, एक गाल तेलाने चकाकतोय, लाल, वर निळसर, दुसरा जन्मापासून होता तसाच, आणि मनात तापापासून मोडलेल्या हातापर्यंत सगळं होऊन गेलं.

पोचले. सोल धडधाकट. कोपऱ्यात बसलेली, चंबू करून. शेजारी तिची मैत्रीण दानबी, आणि दानबीचे दोन्ही गाल लालभडक. सोलच्या वर्गाच्या मिन बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, सोलने दानबीला गादीवर आडवं केलं, भातुकलीतला लाकडी चमचा घेतला आणि गाल घासले तिचे. दानबी कळवळली, तर सोल म्हणाली, "हलू नकोस. थोडं दुखणारच. सुंदर व्हायचंय ना?"

वाक्य ओळखीचं वाटलं? मलाही वाटलं. मिरांग ताईचं म्हणून नाही. घरी ती दगडी पट्टी फिरवताना मी स्वतःशी पुटपुटते, ते. मला वाटायचं पोरगी कार्टून बघतेय.

म्हटलं, दानबी फार रडली का हो? बाई हळूच म्हणाल्या, "नाही. रडली नाही. तेव्हापासून सगळ्यांना विचारतेय, झाला का माझा चेहरा लहान?"

इथे हसायचं असतं का हो? मला नाही आलं हसू.

आणि मग मिन बाईंचं लक्ष माझ्या गालाकडे गेलं. त्यांचा आवाज एकदम खाली, "सोलची आई... घरी सगळं ठीक आहे ना? सोलचे बाबा... रागीट आहेत का?" अगं बाई! आमचे हे! झुरळ मारायलाही मला बोलावतात! मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, तसं काही नाही, मी आपणहून गेले होते!" त्यांच्या डोळ्यांत आणखीनच दया. म्हटलं, "दुसरी बाजू शनिवारच्या आत करायची राहिलीय." त्यांनी माझा हातच धरला.

घरी आल्यावर फोनवर फोन. संचालिका बाई, "उद्या या, जुळवून देते." मिरांग ताई, "जाऊन ये गं, फोटो आहे, अर्धवट काय ठेवतेस!" ह्यांनी टोपीखाली लपून विचारलं, "मी काही केलंय का?" कारण माझा निळा गाल बघून लिफ्टमधले शेजारी त्यांच्याकडे बघायला लागले होते. आणि मी? मी चप्पल घातली होती हो. खोटं का बोलू. दारापर्यंत गेले. आणि कानात ते दानबीचं, 'झाला का लहान?'... चप्पल काढली. सोलला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, बाळा, चुकलं माझं, हाड आहे ते, कणीक नाही, ते जसं आहे तसंच असतं आणि छान असतं. तिने माझ्या सुजल्या गालावर बोट ठेवलं, बोट वर उचललं, परत ठेवलं. चंबू तसाच.

शनिवार. स्टुडिओ. सासूबाई जांभळ्या हानबोकमध्ये, केस चापून बसवलेले. माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे असं बघितलं की ते फळांच्या उतरंडीमागे सरकले, आणि पिशवीतून उकडलेलं अंडं काढून स्वतः माझ्या गालावर फिरवायला लागल्या. पिशवीत अंडं कसं, विचारू नका, सासूबाईंच्या पिशवीत सगळं असतं. फिरवता फिरवता पुटपुटल्या, "कुणाकडे गेली होतीस? बाजारामागची? कोपर लावते ती?" मी बघतच राहिले! "आई, तुम्हाला कसं..." तर म्हणे, "गप्प. सुनेने सासूला असलं विचारू नये."

आणि मग वळल्या त्या फोटोवाल्याकडे, आवाज असा बारीक करून, "बाळा, संगणकावर माझी गालाची हाडं जरा कमी कर हं. नातवंडांना फोटोत बरं दिसेल."

सत्तर! सत्तर वर्षं, आणि अजून! मी त्यांच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. हानबोकच्या पांढऱ्या कॉलरवर... माझीच हाडं! हुबेहूब! म्हणजे सोलने आईचा चेहरा घेतला, की आजीचा, की आम्ही दोघींनी मिळून त्या पोरीला कोंडीत धरलं?

फोटोवाला म्हणाला, "तयार? एक, दोन..." आणि झालं सुरू! सेबिन हळूच एक पाऊल मागे. मागे उभं राहिलं की चेहरा लहान येतो ना! तिला बघून तिचा नवरा मागे. मग आमचे हे. मग मी, सवयीने. मग सेबिन आणखी मागे. फोटोवाला ओरडतोय, "अहो, पुढे या, पुढे!" आणि अख्खं कुटुंब उलट्या पावलांनी निघालंय भिंतीकडे, पडदा हलला, त्यावरचा रंगवलेला डोंगर आमच्या डोक्यावर यायला लागला, आणि पुढे खुर्चीत एकट्या सासूबाई, फळांच्या मागे, त्यांना मागे जाता येत नव्हतं... आणि त्यांच्या शेजारी सोल. तीसुद्धा एक पाऊल मागे.

ते पाऊल बघितलं आणि मी पुढे गेले. सरळ पुढे! सासूबाईंच्या खुर्चीला अगदी चिकटून उभी राहिले, सोलचा हात धरला. फोटोवाला म्हणाला, "किमची!", फोटोत हसवायला इथे तेच म्हणतात, आणि तुम्हाला सांगते, मी हसले. सगळे दात, सगळ्या हिरड्या, दोन्ही गाल, निळा आणि बिननिळा, कानापर्यंत! आणि डाव्या बाजूला अशी कळ गेली की डोळ्यांत टचकन पाणी. तरी हसत राहिले. मनात म्हटलं, बघ पोरी, बघ, तुझी आई हसतेय, आता तुझा चंबू सुटेल, आता माझ्या गळ्यात पडून म्हणशील, 'आई, किती सुंदर दिसतेस...'

सोलने वर बघितलं. बराच वेळ. निळ्या गालाकडे, मग पाण्याकडे, मग कोपऱ्यात ठेवलेल्या सत्तरीच्या केककडे. आणि म्हणाली,

"आई, दुखतंय तर तू नको हसूस. तुझ्या वाटचं मी हसते... पण मग तुझ्या वाटचा केकपण मीच खाणार."