तिसरा दिवा

बसा मंडळी, थोडं पुढे सरका, मागे लोक उभे आहेत. आज एकच प्रश्न आहे. आपल्या घरात पुरेसा उजेड असताना शेजारच्या घरातला दिवा आपल्या डोळ्यांत का खुपतो? उत्तराची घाई नको. मलाही ते नीट येत नाही, म्हणून तर गोष्ट सांगतो.

देवरुखच्या खालच्या आळीत मधुसूदन आठल्ये राहायचे. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या, आणि घरी बसल्यावर शेजाऱ्याच्या वस्तू मोजायला लागले. हसताय? आपण मोजत नाही वाटतं! शेजारी काशिनाथ साटम, शाळेची प्रयोगशाळा सांभाळलेला अबोल माणूस. साटमांनी अंगणात फरशी घातली — आठल्यांना झोप नाही. साटमांचा आंबा आधी मोहरला — आठल्यांना जेवण नाही.

आळीत मोबाईलला रेंज नाही, डोंगर आडवा येतो. म्हणून दोन्ही घरांत तारेचं इंटरनेट. भिंतीवर एक डबी असते. खांबावरची तार डबीत येते, आणि डबीतून दुसरी तार काँप्युटरला जाते. जितकी यंत्रं जोडाल, तितके हिरवे दिवे डबीवर लागतात. मला यातलं एवढंच कळतं, आणि तुम्हालाही एवढंच पुरे.

एकदा आठल्ये साटमांकडे विरजण मागायला गेले. नजर डबीवर गेली. तीन दिवे! रिकाम्या वाटीनिशी घरी आले आणि आपली डबी पाहिली. एक.

"अहो, विरजण?" कुमुदताईंनी विचारलं.

"त्याला तीन आणि मला एक."

"काय तीन?"

"दिवे. तार एकाच खांबावरून येते ना दोघांची? मग माझे दोन गेले कुठे?"

"वाटी द्या इकडे. मीच जाते."

पुढच्या रविवारी नातीचं बारसं होतं. लेक मृणाल नैरोबीला. ठरलं होतं असं, की नाव आजोबांनी निवडायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि अकराच्या मुहूर्तावर काँप्युटरवरून उच्चारायचं. मग आत्या ते बाळाच्या कानात सांगणार. तोवर पाळणा हलायचा नाही. आठल्यांनी ते नाव बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

सकाळी दहालाच नवा सदरा घालून बसले. सगळं ठीक चाललं होतं. पण डोळा पुन्हा त्या एका दिव्यावर गेला. खणात एक जास्तीची निळी तार पडली होती. तिचं एक टोक त्यांनी डबीत खोचलं. आता दुसरं टोक? दुसरं यंत्र होतं कुठे घरात! मंडळी, दुसरं टोकही त्यांनी त्याच डबीत खोचलं.

आणि दोन दिवे लागले की! एकूण तीन. नुसते लागले नाहीत, धावत सुटले.

"बघ," आठल्ये म्हणाले, "साटमाचे रेंगाळतात. माझे पळतात."

पावणेअकराला काँप्युटर लावला, तर मृणाल दिसेना. पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. डबी बंद करून पुन्हा चालू केली. काँप्युटरची तार काढली, सदऱ्याला पुसली, परत घातली. कुमुदताईंनी डबीला उदबत्ती ओवाळली. सगळं केलं, फक्त त्या निळ्या तारेला हात लावला नाही. का? दिवे कमी झाले असते ना!

अकरा वाजले.

"साटमभाऊंकडे चला," कुमुदताई म्हणाल्या. "त्यांच्या काँप्युटरवरून बोलू."

"माझ्या नातीचं नाव त्याच्या घरातून? त्यानेच इकडचं ओढून घेतलंय सगळं."

"तिकडे पोर पाळण्यात घालून माणसं थांबलीत. तुम्ही बसा दिवे मोजत." आणि त्या पायात चपला अडकवून गेल्या, साटमांना घेऊनच आल्या.

साटम डबीसमोर उभे राहिले. कुठे बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं.

"आठल्येभाऊ, ही निळी तार कुठून कुठे जाते?"

तीस वर्षं शेताच्या बांधावर उभं राहून हाच प्रश्न लोकांना विचारलेला माणूस! कुठून कुठे?

"डबीतून," आठल्ये म्हणाले.

"आणि जाते कुठे?"

"डबीत."

"अहो, मग डबी आपली स्वतःशीच बोलत बसली. बाहेरचं तिला ऐकू कसं यायचं? पण हे केलंत कशाला?"

आठल्यांनी मान खाली घातली. "तुमच्याकडे तीन दिवे आहेत."

साटम हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "एक माझ्या काँप्युटरचा. दुसरा फाटकावरच्या कॅमेऱ्याचा. तिसरा समीरच्या खोलीतला. पोरगा भांडून गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्याचा काँप्युटर मी बंद करत नाही. दिवा लागलेला असला, की घरात कुणी आहेसं वाटतं. कॅमेराही त्याच्यासाठीच. फाटकापर्यंत येऊन परत फिरला, तर कळायला नको?"

आठल्यांनी आपल्या हाताने निळी तार काढली. डबी बंद करून चालू केली. एकच दिवा लागला, सावकाश लुकलुकणारा. अकरा वीसला मृणाल दिसली.

"बाबा, होतात कुठे?"

साटम उठून दाराकडे निघाले होते. आठल्यांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "थांब गं. साटमकाकांना पाळणा नीट दिसू दे आधी." मग ते खुर्चीमागे उभे राहिले आणि नाव उच्चारलं — वैजयंती. तिकडे आत्या वाकली. पाळणा हलला.

मंडळी, तार चांगली होती. डबीही चांगली होती. आता घरी गेल्यावर भिंतीकडे बघू नका, ज्याचे दिवे मोजलेत त्याच्याकडे जा. वाटी घेऊन जा हवं तर. आणि विचारा, हा दिवा कुणासाठी लागलाय? विचारायला जमलं, तर आजची सेवा देवापर्यंत पोचली असं मी समजेन. हात जोडा. आणि जोडण्याआधी एकदा शेजारी कोण बसलंय ते बघा.