ताईचं चुंबक लाल खान्यात

...आणि तरी हसायचं, म्हणे. आधीच माफी मागतो, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आठवीत शाळा सुटली, शब्द साधेच आहेत. पण तुम्हाला सांगतो, या प्रकाराची मला जी किळस आलीय ती अवघड शब्दांतही मावली नसती. नाकात वास भरलाय, आणि तरी हसायचं?

आमची श्रद्धाताई रावेतच्या एका बालवाडीत शिकवते. बालवाडी म्हणायचं नाही हं, प्री-स्कूल. मालक बबनराव. मी भोसरीला ज्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, तेच. तिथे प्रत्येक मशीनवर पत्र्याची पाटी असते, हिरवा खाना म्हणजे मशीन चालू, पिवळा म्हणजे कुरकुरतंय, लाल म्हणजे बंद, आणि त्यावर चुंबक सरकवायचं. मशीनला काय, ते कुठे लाजतंय? पण बबनरावांच्या मनात आलं, हीच पाटी शाळेत लावू. मला म्हणाले, "धम्मपाल, टीचर लोकांचा मूड सकाळीच कळला पाहिजे." केली मी पाटी. रंगही मीच दिला. ज्या त्या टीचरनं आल्या आल्या आपल्या नावाचं चुंबक मनाला वाटेल त्या खान्यात ठेवायचं... मनाला वाटेल म्हणजे हिरव्यात. पिवळ्यात ठेवलं की बबनराव केबिनमध्ये बसवून समजावणार, मॅडम, मुलं आनंदावर वाढतात. मग कुणाला ताप असो, कुणाची सासू दवाखान्यात असो, पाटी आपली हिरवीगार. ताईचं तर मी सांगतोय त्याच आठवड्यात नोकरीत कायम व्हायचं होतं. आई गल्लीभर सांगून बसलेली, आमची श्रद्धा शिक्षिका आहे. गल्ली विचारणार, म्हणजे पोरं सांभाळते ना? हे ऐकायचं, आणि तरी हसायचं.

तर त्या दिवशी ॲडमिशनसाठी पालक शाळा बघायला येणार, आणि शाळेतली आया, चिमाबाई, नेमकी मोशीला भाचीच्या लग्नाला गेलेली. ताईच्या वर्गातला अय्याज, चार वर्षांचा, भिंतीला पाठ लावून उभा. हलेना, बोलेना. का, ते वासानं सांगितलं. पोरं नाकं दाबून नाचायला लागली. शेजारच्या वर्गातली मिनल टीचर दारातून डोकावली आणि हसत हसतच म्हणाली की बाई गं, हात लावू नकोस, एकदा धुतलंस की जन्माची आया होशील, आपण डिप्लोमा कशाला केला? तुम्हाला सांगतो, ताईला ते पटलं होतं. आमच्या दारात मांजरानं घाण केली तरी तिला उमासे येतात, ती घाण मी काढतो.

तेवढ्यात बाहेर बबनरावांचा आवाज... या, या, हा आमचा ज्युनिअरचा वर्ग, इथे टीचर कायम प्रसन्न असतात... आणि आत अय्याजचा ओठ थरथरायला लागला. ताईनं त्याला दोन्ही काखांत धरून उचललं, अंगापासून लांब, आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून निघाली. तोंड उघडलं असतं तर ओकलीच असती, म्हणून ओठ आवळून हसत. बघा, तरी हसायचं.

बाथरूममध्ये पाणी ओतताना तिला उमासा आला. पोरानं विचारलं, "टीचर, घाण वाटते का?"

आता पाटीप्रमाणे नाही म्हणायला हवं ना? ताई म्हणाली, "हो रे, लई घाण वाटते. पण शीची. तुझी नाही." यावर अय्याजनं विचार केला आणि म्हणाला, मलापण. मग दोघांनी मिळून नाक दाबलं.

त्याला कोरडी चड्डी घालून ताई बाहेर आली, सरळ पाटीपाशी गेली, आणि सगळ्यांदेखत आपलं चुंबक लाल खान्यात ठेवलं. बबनराव हसत, पण दात आवळून म्हणाले, "मॅडम, लाल म्हणजे बंद."

"बंद कुठं, सर? काम तर झालं. किळस आली होती, ती पाटीवर दाखवली."

पाहुण्यांत सोजरबाई म्हणून एक आजी होत्या, नातीच्या ॲडमिशनला आलेल्या. त्यांनी ताईला खालून वर बघितलं आणि बबनरावांना म्हणाल्या, "आमच्या छकुलीला या आयाच्याच वर्गात घाला."

आता बोला. ॲडमिशन झाली, मिनल टीचर कपाळाला हात लावून बसली, आणि ताईचं कायम होणं? पुढच्या वर्षी बघू, मॅडम, अजून भावनांवर काम करायला पाहिजे. भावनांवर काम! जणू माझ्या लेथवर लावून तासायच्या आहेत.

घरी आल्यावर ताई हात धूत बसली. साबणानं, मग परत साबणानं. आईनं विचारलं, झालं का गं कायम? ताई म्हणाली, होईल. आणि हसली. घरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांनी मला बोलावलं. शाळेला नवी पाटी पाहिजे, या वेळी नुसती हिरवी. मी राजीनामा देणार होतो, खरंच, शब्दसुद्धा जुळवले होते. आधी ताईला फोन केला. ती म्हणाली, "कर रे, पण कडा नीट घास, पोरं हात लावतात."

मग काय... घासल्या.