शेवटच्या परिच्छेदापर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ब्लॉगचे संस्थापक, ज्यांना आपण सगळे नुसतं 'सर' म्हणतो ते आमचे माजी प्राचार्य. व्यासपीठावर बसलेले माझे सहलेखक, म्हणजे दातांचे डॉक्टर, वकीलसाहेब आणि चित्रकलेच्या बाई. समोर जमलेले वाचक, त्या वाचकांनी आग्रहाने ओढून आणलेले त्यांचे नातेवाईक, आणि अगदी मागे दाराशी बसलेली माझी दोन माणसं. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

ज्याला निरोप द्यायचा त्याने शेवटी बोलावं आणि थोडक्यात बोलावं, अशी रीत आहे. त्यातलं शेवटी बोलण्याचं मी पाळलंय. थोडक्याचं बघू.

सरांनी मघाशी मला ब्लॉगचा कणा म्हटलं. वकीलसाहेबांनी पाया म्हटलं. बाई तर आणखी पुढे गेल्या, त्यांनी मला सावली म्हटलं. ऐकून संकोच वाटला. इतकी वर्षं मी समजत होते की मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते.

नव्या मंडळींसाठी सांगते. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तेव्हा सर घरी आले आणि म्हणाले, "आपण चार-सहा लिहिणारी माणसं मिळून एक ब्लॉग काढू. प्रत्येकाचा एक वार. तुम्ही फक्त जरा नजर टाकायची." हे 'फक्त जरा' फार फसवं असतं बरं का. वकीलसाहेब हाताने लिहून कागदाचा फोटो पाठवायचे, त्यात डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. सर बोलून पाठवायचे, त्यात मधेच "अगं, दूध उतू जातंय" असंही यायचं, आणि ते लेखातलं की घरातलं हे मीच ठरवायचं. डॉक्टरांच्या लेखात त्यांचा कुत्रा तीनदा मेला. दर वेळी नव्याने, दर वेळी तितकाच हृदयद्रावक. दोनदा मी त्याला वाचवला, डॉक्टर. तिसऱ्यांदा म्हटलं, जाऊ दे बिचाऱ्याला. हसताय तुम्ही, पण डॉक्टरांना हे आज पहिल्यांदाच कळतंय. छापून आलेला स्वतःचा लेखही त्यांनी वाचला नव्हता, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

शनिवार कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. मी हलकंफुलकं लिहायचे. घरातलं, दुकानातलं, नातेवाइकांचं. "शनिवार म्हणजे हसायचा वार" असं सर म्हणायचे. माणसाला एकदा विनोदी ठरवलं की पुढे फार सोय होते. ते रडलं तरी लोक टाळ्या द्यायला हात पुढे करतात.

आता त्या प्रसिद्ध नियमाबद्दल बोललंच पाहिजे, कारण आजच्या स्मरणिकेत त्याच्यावर अख्खं पान आहे. सुरुवातीला बाईंचा पहिला लेख आला आणि त्याच्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. बाईंना वाईट वाटलं. वाटणारच. सरांचा जीव कळवळला आणि त्यांनी नियम केला : कुणाचाही लेख येवो, दिवस मावळायच्या आत बाकीच्या प्रत्येक लेखकाने त्याखाली अभिप्राय लिहायचाच. लेखाखालची जागा रिकामी राहता कामा नये. नियम प्रेमापोटी झाला होता, हे मी आजही कबूल करते.

पण प्रेमाला हजेरीपट लावला की काय होतं? पहिल्या वर्षी लोक वाचून लिहायचे. दुसऱ्या वर्षी चाळून लिहायचे. पुढे पुढे शीर्षक पाहून. डॉक्टरांचं ठरलेलं : "ओघवती शैली!" बाईंचं : "डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं." वकीलसाहेबांच्या मालमत्ता करावरच्या लेखाखालीसुद्धा बाईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं होतं. कशाचं, देव जाणे. आणि वकीलसाहेब, तुम्हाला आठवतं का? एके दिवशी मी नुसती सूचना लावली होती, 'तांत्रिक कारणामुळे आज लेख नाही.' त्याखाली तुम्ही लिहिलंत, "अप्रतिम! शब्दच नाहीत." खरंच नव्हते. तुमच्याकडून आलेला तेवढाच एक खरा अभिप्राय.

हसा, हसा. मीही तेव्हा हसले होते. घरी यांना दाखवून पोट धरून हसले होते. म्हटलं, चालायचंच, घरोघरी मातीच्या चुली.

मग गेल्या वर्षी माझे डोळे अधू व्हायला लागले.

सभागृह एकदम शांत झालेलं मला ऐकू येतंय. म्हणजे खरोखरच ठाऊक नव्हतं तर. पत्रिकेत तुम्ही छापलंत की 'नातवंडांना वेळ देण्यासाठी' मी निवृत्त होतेय. मला नातवंडं नाहीत, सर. मुलगाही नाही. ते तुमच्या बहिणीच्या निरोप समारंभातलं वाक्य असावं, घाईत इकडे आलं असेल.

तर डोळे. माझ्या आजारात मधलं जातं आणि कडेचं राहतं. ज्याच्याकडे बघावं तोच दिसत नाही, त्याच्या शेजारचा दिसतो. आत्ता सरांकडे पाहतेय तर सरांच्या जागी धूसर डाग आहे आणि शेजारचा पाण्याचा तांब्या छान दिसतोय. डॉक्टर म्हणाले, म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, की हे परत यायचं नाही, फार तर सावकाश जाईल. जिने जन्मभर एकेक काना-मात्रा पाहून पोट भरलं, तिला हे सांगितलं गेलं. मी बाहेर आले, बाकावर बसले, आणि पहिला विचार काय आला असेल? ब्लॉगचं कोण बघणार? हा एवढा मूर्खपणा मी तुमच्यासाठी केला, तो कुठल्याही स्मरणिकेत नाही.

यांनी सांगितलं, "एकेकाला फोन कर." मी म्हटलं, नको, मी शनिवारी लिहिते. आता कुणी म्हणेल, अहो बाई, सरळ सांगायचं होतं, लेख कसला लिहिता? पण माणूस आपलं दुखणं जिथे त्याला जागा असते तिथेच सांगतं. इतकी वर्षं मला एकच जागा होती आणि ती तुम्हा लोकांमध्ये होती, असं मी धरून चालले होते.

लेखाचं नाव 'माझा नवा नंबर'. त्याची सुरुवात सरांनी मघाशी वाचून दाखवली आणि आपण सगळे पोटभर हसलात. कापडाच्या दुकानात मी साडी नेसवून उभ्या केलेल्या पुतळ्याला "ताई, जरा सरकता का?" म्हणते, आणि ताई सरकत नाहीत म्हणून त्यांना चार शब्द सुनावते. चहात साखरेऐवजी मीठ घालते आणि नवरा बिचारा गुपचूप पितो. छान वाचलंत, सर. तिथेच थांबलात, टाळ्या आल्या म्हणून. पुढचा परिच्छेद आता मी म्हणते. माझ्या हातात कागद आहे, पण तो कोरा आहे. सवयीने धरलाय. मला तो परिच्छेद पाठ आहे.

"आता गंमत संपली. मंडळी, माझी नजर चालली आहे आणि ती परत येणार नाही. तुमचे लेख मी यापुढे फार दिवस वाचू शकणार नाही. मला भीती वाटते. तुमच्यापैकी ज्याने इथपर्यंत वाचलं असेल, त्याने मला एक फोन करावा. ब्लॉगच्या किल्ल्या मी त्याच्या हाती देईन, कारण जो शेवटपर्यंत वाचतो त्याच्याच हाती त्या असाव्यात."

एवढंच. अलंकारिक काही नाही. शाळकरी पोरालाही कळावं असं.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं फोनपाशी बसून राहिलो. यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही. अभिप्राय यायला लागले तसे हे मला मोठ्याने वाचून दाखवत होते. "ओघवती शैली!" हे थांबले, म्हणाले, "घाईत असतील." मग "डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं." मग वकीलसाहेबांचा : "हसून हसून पुरेवाट!" शेवटी सरांचा आला. "शनिवार सार्थकी लागला. अशाच लिहित्या राहा." यांनी फोन उलटा करून ठेवला आणि भाताला फोडणी द्यायला निघून गेले. माझ्या नवऱ्याला फोडणी देता येत नाही.

मी तुमच्यावर चिडले नाही म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. चिडले. आजही चिडलेली आहे. मला वाईट वाटलं ते तुम्ही वाचलं नाहीत याचं कमी. न वाचता गोड बोललात, याचं जास्त. गप्प राहिला असतात तर मी म्हटलं असतं, कुणाची तरी वाट बघू या. तुम्ही मला वाट बघायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत.

आणि आज पाहते तर स्मरणिकेत तोच लेख. 'निखळ विनोद' विभागात. पहिल्या क्रमांकावर, कारण सर्वाधिक अभिप्राय. शिवाय भेट म्हणून रिबीन बांधलेला पुस्तकांचा हा गठ्ठा, "आता निवांत वाचा" म्हणून. आभारी आहे. चांगली जड आहेत, त्यावरून चांगली असावीत.

पण फोन एक आला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही जेवत होतो तेव्हा.

माझी धाकटी नणंद. ती आणि मी बोलत नव्हतो. मीच कधीतरी एका शनिवारी लिहिलं होतं की आमच्याकडे एक नातेवाईक येतात, त्या आधी कपाटावरून बोट फिरवून धूळ बघतात आणि मग माणसांकडे. नाव लिहिलं नव्हतं, पण ज्याचं त्याला कळतंच. तेव्हापासून तिने आमच्या घराची पायरी चढली नाही. मला वाटलं, ब्लॉगही सोडला असेल. सोडते कसली! दर शनिवारी वाचायची. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. यात आपल्याबद्दल काही खुपसलंय का, हे बघायला. म्हणजे इतकी वर्षं माझा मनापासून वाचणारा एकच वाचक होता आणि तोही माझ्यावर डूख धरून.

ती फोनवर म्हणाली, "वहिनी, ते शेवटचं खरं लिहिलंयस का गं? की हाही तुझा चावटपणा?"

मी म्हटलं, "खरं आहे."

ती म्हणाली, "दादाला म्हणावं मीठ आणि साखरेचे डबे वेगळ्या फळीवर ठेव. मी येतेय." आणि आली. आल्या आल्या कपाटावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि ढसाढसा रडली. मीही रडले. तुमच्या कुणासमोर मला रडता आलं नव्हतं.

आता निमंत्रणपत्रिकेतला शेवटचा मुद्दा, 'नव्या संपादकांची घोषणा.' सर, ती घोषणा तुम्ही करणार होतात आणि ती कुणाची, हे डॉक्टर नवा कोट घालून आलेत त्यावरून आंधळ्यालाही कळावं. माफ करा डॉक्टर, कोट खरंच चांगला आहे. यांनी सांगितलं मला. पण ब्लॉग पहिल्या दिवसापासून माझ्या नावावर आहे, कारण ती कटकट तेव्हा कुणालाच नको होती. आणि किल्ल्या कुणाला द्यायच्या ते मी जाहीरपणे लिहिलं होतं, तुम्ही चौघांनी त्याखाली जाहीरपणे कौतुकही केलं होतं. एकानेही हरकत घेतली नाही. वकीलसाहेब, कायद्याने याला संमती म्हणत असतील ना?

तेव्हा ब्लॉग आजपासून माझ्या नणंदेचा. ती स्वतः काही लिहीत नाही. लिहायचा तिचा विचारही नाही. ती फक्त वाचते. तुमचे लेख यापुढे ती मला मोठ्याने वाचून दाखवणार, मी ऐकणार, आणि मग ते लावायचे की नाही हे ती ठरवणार. तिला कंटाळा आला की ती मधेच थांबते, हे आधीच सांगून ठेवते. अभिप्रायाचा नियम रद्द. खालची जागा रिकामी राहिली तर राहू दे. रिकामी जागा निदान खोटं बोलत नाही.

सर, तुमचा डाग जरा हललेला दिसतोय. बसा, संपलंच माझं. तुम्ही मला घरी येऊन लिहितं केलंत, ते मी विसरणार नाही. म्हणून तर एवढं लागलं.

या समारंभासाठी ज्यांनी सभागृह मिळवलं, खुर्च्या मांडल्या, ध्वनिक्षेपक नीट लावला, त्या सगळ्यांचे आभार. समोर बसून शेवटपर्यंत ऐकलंत, त्याबद्दल तुमचे जास्त आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

आणि एक विनंती. खाली उतरल्यावर मला भेटायला येणाऱ्यांनी आधी आपलं नाव सांगावं. चेहरा मला दिसणार नाही. आणि भाषण छान झालं, एवढं मात्र कुणी म्हणू नका.

ये गं, पायऱ्या उंच आहेत. हात दे.